लॅपटॉप सर्व्हिस सेंटरला देताय? आधी जॉबशीट वाचा

मी काही वर्षं एका लॅपटॉप कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला काउंटरच्या आतल्या बाजूला बसायचो, कुठली कंपनी ते सोडा, सगळीकडे थोडाफार तोच प्रकार असतो. ते काम सुटलं पण फोन काही सुटले नाहीत. कुणाच्या मावसभावाचा लॅपटॉप जमा करून महिना होत आला, कुणाला वॉरंटीत असून हजारोंचं एस्टिमेट दिलंय, कुणी दुकानदाराच्या आग्रहाने एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली आणि वेळेला ती लागूच झाली नाही. सगळ्यांना तेच तेच सांगून कंटाळलो म्हणून एकदाच लिहून काढतोय, लांबलंय, पण मशीन बंद पडल्यावर शोधत बसण्यापेक्षा आत्ताच वाचून ठेवा.

एक गोष्ट आधीच सांगतो, वॉरंटीची भांडणं कस्टमर केअरच्या फोनवर मिटत नाहीत, मशीन जमा करताना हातात पडणाऱ्या जॉबशीटवर काय लिहिलंय त्यावर ती मिटतात. आणि बहुतेक लोक त्यावर न वाचता सही मारून निघून जातात, कारण मागे रांग असते आणि पार्किंगला जागा नसते.

घेतल्या घेतल्या करायची कामं

बिल जीएसटीचं, छापील किंवा पीडीएफ, आणि त्यावर मॉडेल आणि सिरीयल नंबर आलाच पाहिजे. "साहेब कच्चं बिल देतो, थोडे कमी होतील" हा सल्ला लॅपटॉपच्या बाबतीत तरी ऐकू नका, बिल नाही तर पुढचं काहीच नाही. बिलाचा फोटो काढून स्वतःलाच मेल करून टाका, थर्मल प्रिंटरचं बिल वर्षभरात कोरं होतं आणि मग लोक तो कोरा कागद आमच्यापुढे ठेवून म्हणायचे बघा यावर तारीख होती.

मग लॅपटॉपखालचा सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधी संपते ते बघा. हे कुणीच करत नाही आणि इथेच मोठी गोम असते. कंपनीच्या सिस्टिममध्ये बऱ्याचदा वॉरंटी सुरू झालेली असते माल डीलरकडे गेला त्या तारखेपासून, तुम्ही घेतला त्या तारखेपासून नाही. दुकानात चार महिने पडून असलेला पीस तुम्ही दिवाळीच्या सेलमध्ये घेतला तर तुमच्या एका वर्षातले चार महिने आधीच गेलेले दिसणार. बिल अपलोड करून तारीख दुरुस्त करून मिळते, फक्त ते पहिल्या आठवड्यात करा, वॉरंटी "संपल्यावर" करायला गेलात तर होतंही, पण तोवर मशीन बंद आणि तुम्ही मेल-मेल खेळत बसणार.

ऑनलाइन घेतला असेल तर खोका उघडताना सलग व्हिडिओ काढा, कुरियरचं लेबल आणि मशीनवरचा सिरीयल नंबर दोन्ही त्यात आले पाहिजेत. आणि आलेल्या दिवशीच सगळं तपासा, स्क्रीनवर पांढरी, काळी, लाल, हिरवी, निळी अशी एकरंगी चित्रं लावून डाग बघा, सगळी बटणं दाबा, कॅमेरा, माइक, प्रत्येक यूएसबी पोर्ट. रिप्लेसमेंटची मुदत साइटवर प्रत्येक प्रॉडक्टखाली वेगळी असते, बऱ्याचदा आठ-दहा दिवसांच्या आतच, आणि त्यातसुद्धा "सर्व्हिस सेंटर रिप्लेसमेंट" लिहिलं असेल तर आधी कंपनीचा माणूस येऊन बघणार आणि तो लिहून देईल तेव्हाच बदलून मिळणार. म्हणजे लग्नघर आहे म्हणून खोका तसाच कपाटात ठेवला की संधी गेली.

परदेशातून कुणी आणला असेल, म्हणजे अमेरिकेतला भाऊ येताना घेऊन आला वगैरे, तर आणण्याआधी चौकशी करा. काही मॉडेल्सना आंतरराष्ट्रीय वॉरंटी असते, काहींना कंपनीकडे नोंदवलेला देश बदलून घ्यावा लागतो, काहींना काहीच नसतं. आणि वॉरंटी असली तरी ते मॉडेल इथे विकलंच जात नसेल तर पार्ट बाहेरून येईपर्यंत वाट बघा.

डेटा

सर्व्हिस सेंटर तुमच्या डेटाची कसलीही जबाबदारी घेत नाही, जॉबशीटच्या मागे बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं आणि तुमची सही त्याच्याखाली असते. साधा कीबोर्ड बदलायला दिलेला लॅपटॉपसुद्धा फॉरमॅट होऊन परत येऊ शकतो. मशीन चालू होत असेल तर बॅकअप घ्या. चालूच होत नसेल तर बहुतेक मॉडेल्समधली एसएसडी, म्हणजे ज्यावर तुमचा डेटा असतो ती डिस्क, काढून हजार-दीड हजाराच्या यूएसबी केसमध्ये घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावता येते. स्वतः उघडायची भीती वाटत असेल तर ओळखीच्या माणसाकडून करून घ्या, आणि वॉरंटीत असेल तर आधी कंपनीला मेलवर विचारा की डिस्क काढून मशीन जमा केलं तर चालेल का. बऱ्याचदा हो म्हणतात, आणि तो "हो" मेलवर असला की काउंटरवर कुणी हरकत घेत नाही.

आता एक गोष्ट जी काउंटरवर तुम्हाला कुणी सांगणार नाही. आजकालच्या विंडोज लॅपटॉपवर बिटलॉकर नावाचं कुलूप बऱ्याचदा आपोआप चालू असतं, तुम्ही कधी लावलेलंच नसतं. मदरबोर्ड बदलला की डिस्क म्हणते हे माझं मशीन नाही, आणि ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागते. ती की तुम्ही ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं असेल त्यात सेव्ह असते, पण लोकांना दुकानदाराने कुठल्या मेल आयडीवर अकाउंट बनवून दिलं तेच आठवत नाही. एक बाई मुलाच्या प्रोजेक्टसाठी काउंटरवर रडलेल्या मला आठवतात, बोर्ड नवा, डिस्क धडधाकट, आतलं सगळं असून नसल्यासारखं. आजच अकाउंटमध्ये जाऊन ती की कागदावर लिहून ठेवा.

वॉरंटीत डिस्क बदलली तर जुनी डिस्क कंपनी ठेवून घेते हेही लक्षात असू द्या. काही कंपन्या डिस्क तुमच्याकडेच ठेवायची सोय वेगळे पैसे घेऊन देतात, सीए, वकील, डॉक्टर लोकांनी मशीन घेतानाच ती बघावी.

पासवर्ड द्यायची वेळ आली तर स्वतःचा नका देऊ, वेगळं अकाउंट बनवून त्याचा द्या. आणि कृपा करून कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका, पहिला जो दिसतो तो खोटा असू शकतो, ते लोक फोनवरच स्क्रीन शेअरिंगचं अ‍ॅप टाकायला लावतात आणि खातं साफ करतात. नंबर कंपनीच्या साइटवरून किंवा खोक्यावरून घ्या, फसलातच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

जमा करताना

आता मुख्य भाग. काउंटरवरचा मुलगा तुमचं मशीन हातात घेतो, उलटसुलट बघतो आणि भराभर टाइप करतो. तो टाइप करतो ते दोन रकान्यांत जातं, एक म्हणजे तक्रार काय आणि दुसरा म्हणजे मशीनची अवस्था. दोन्ही तुमच्या समोर वाचायला लावा.

तक्रारीत नुसतं "स्लो", "नॉट वर्किंग" असं लिहू देऊ नका. "चार्जर लावल्यावर लाइट लागतो, पॉवर बटण दाबल्यावर पंखा फिरतो पण स्क्रीन काळी राहते, दोन आठवड्यांपासून, आधी अधूनमधून आता रोज" असं लिहून घ्या. कारण मोघम लिहिलं की इंजिनियर मशीन चालू करतो, त्या दिवशी नेमकं ते शहाण्यासारखं चालतं, आणि शेरा येतो "नो फॉल्ट फाउंड". तुम्ही मशीन घरी आणता, रात्री पुन्हा बंद. प्रॉब्लेम कधीकधीच येत असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, आणि व्हिडिओ दाखवला हेही तक्रारीत टाकायला सांगा.

अवस्थेच्या रकान्यात "स्क्रॅचेस, डेंट्स" हे सवयीने लिहिलं जातं, आम्ही पण लिहायचो, खरं सांगायचं तर आपली बाजू सुरक्षित ठेवायला. पण नंतर तोच डेंट "फिजिकल डॅमेज" होतो आणि वॉरंटी नाकारायचं कारण बनतो. म्हणून जमा करण्याआधी चारही बाजूंनी, बिजागऱ्यांजवळ, पोर्टांच्या आत, खालच्या स्क्रूंचे असे फोटो काढा, काउंटरवरच, त्याच्यासमोर, मागे सेंटरचा बोर्ड दिसला तर उत्तम. आणि डेंट नसेल तर तो शब्द खोडायला लावा. ऐकत नसेल तर सहीच्या शेजारी पेनाने लिहा "मशीनवर कुठेही डेंट नाही, फोटो काढलेले आहेत", तारीख टाका. कुणी अडवत नाही, फार तर तोंड वाकडं करेल.

पाण्याचं कारण हे सगळ्यात जास्त भांडणाचं. सेंटर म्हणतं "लिक्विड डॅमेज", तुम्ही म्हणता थेंब पडला नाही, आणि कधीकधी दोघंही खरं बोलत असतात. कोकणात, गोव्यात, मुंबईत पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की नुसत्या दमटपणाने बोर्डावर हिरवट गंज चढतो. आत काही मॉडेल्समध्ये पाणी लागलं की रंग बदलणारे छोटे स्टिकर असतात. तुम्हाला लिक्विड डॅमेज सांगितलं तर तीन गोष्टी मागा: बोर्डाचा फोटो ज्यात गंज नेमका कुठे आहे ते दिसेल, स्टिकरचा फोटो, आणि लेखी कारण मेलवर. कीबोर्डखालून सुरू होऊन पसरलेला डाग आणि पोर्टाच्या कडेचा नुसता दमटपणाचा गंज यांतला फरक जाणकार माणसाला फोटोतही बऱ्याचदा कळतो. फोटो मागितल्यावर निकाल बदललेला मी पाहिलाय. मुंग्या आणि झुरळं हेही वॉरंटीत बसत नाही, हसू नका, लॅपटॉपच्या पंख्यातून काय काय निघतं ते सांगितलं तर तुम्ही जेवणार नाही.

बिजागरी तुटली तर ती जवळपास नेहमीच फिजिकल डॅमेजमध्ये टाकतात. त्यामुळे ती कडक झाली, स्क्रीन उघडताना खालची पट्टी उचलली जातेय असं दिसलं की लगेच, तुटायच्या आधी तक्रार नोंदवा. तुटल्यावर जाणं आणि तुटायच्या आधी जाणं यांत कधीकधी आठ-दहा हजारांचा फरक असतो.

जॉबशीटची प्रत घेतल्याशिवाय हलायचं नाही. "सर सिस्टिम डाउन आहे, मेल येईल" म्हटलं तर मेल आल्याशिवाय मशीन हातातून सोडायचं नाही. सोबत चार्जर दिला असेल तर तोही लिहून घ्या, चार्जर हरवणं हा स्वतंत्र अध्याय आहे.

परत घेताना तिथेच चालू करून बघा, बदललेल्या पार्टचं नाव कागदावर आलंय का बघा, आणि मदरबोर्ड बदलला असेल तर बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, तुमचाच जुना सिरीयल नंबर टाकलाय का ते बघा. तो टाकायला विसरले तर पुढच्या वेळी साइटवर तुमचं मशीन सापडतच नाही. वॉरंटीत लागलेला पार्ट नवाकोरा असेलच असं नाही, रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा वापरात आणलेला, पार्ट वापरायची मुभा बहुतेक कंपन्यांच्या अटींमध्ये असते, तिथे भांडून उपयोग नाही.

पार्ट येत नाही तेव्हा

"पार्ट ऑर्डर केलाय सर" हे वाक्य ऐकून वैतागू नका, तो मुलगा खोटं बोलत नाही, त्यालाही तारीख माहीत नसते. त्याच्यावर ओरडण्यात शक्ती घालवू नका, तो बहुधा कंपनीचा नसतोच, फ्रँचायझीचा असतो आणि त्याच्या हातात काही नसतं. तुम्ही कंपनीला मेल करा, केस नंबर विषयात टाकून, आणि तीन ओळीत लिहा: मशीन कधी जमा केलं, आज किती दिवस झाले, आणि अमुक तारखेपर्यंत पार्ट मिळणार नसेल तर रिप्लेसमेंट किंवा रिफंड द्या. "माझं कामाचं किती नुकसान झालं" यावर दोन पानं लिहिलीत तर ती कुणी वाचत नाही. दर आठवड्याला त्याच मेलला रिप्लाय करायचा, नवा मेल नाही, म्हणजे पूर्ण साखळी एका जागी राहते. फोन झाला तर फोन ठेवल्यावर "आत्ता आपलं बोलणं झालं त्यात तुम्ही असं म्हणालात" असा मेल टाकून द्यायचा.

रिप्लेसमेंट मागायची खरी वेळ म्हणजे तोच प्रॉब्लेम दुरुस्तीनंतर परत परत येणं, किंवा पार्टच न मिळणं. प्रत्येक कंपनीचा आतला नियम वेगळा असतो, तो तुम्हाला सांगत नाहीत, पण एकाच तक्रारीच्या तीन जॉबशीट हातात असल्या की वरचा माणूस लगेच बोलायला लागतो. म्हणूनच म्हणतो तक्रारीचे शब्द दर वेळी तेच ठेवा. पहिल्यांदा "हँग होतो", दुसऱ्यांदा "बंद पडतो", तिसऱ्यांदा "डिस्प्ले नाही" असं लिहिलंत तर कंपनीच्या हिशोबात ते तीन वेगळे प्रॉब्लेम होतात. बदलून मिळालेल्या मशीनला सहसा जुन्याचीच उरलेली वॉरंटी लागते, ते विचारून घ्या.

वॉरंटी संपली असली तरी एक गोष्ट बघायची, तुमच्या मॉडेलसाठी कंपनीने स्वतःहून काही जाहीर केलंय का. अ‍ॅपलने २०१८ मध्ये बटरफ्लाय कीबोर्डच्या मॅकबुकसाठी विक्रीपासून चार वर्षं फुकट दुरुस्तीची योजना काढली होती. इंटेलने २०२४ मध्ये तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधल्या बिघाडामुळे बॉक्समध्ये विकलेल्या प्रोसेसरची वॉरंटी तीनची पाच वर्षं केली. अशी माहिती सर्व्हिस सेंटरवाले आपणहून देतील ही अपेक्षा ठेवू नका.

एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी का

कंपनीची स्वतःची आणि दुकानाची किंवा तिसऱ्याच कुणाची, या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुकानात त्या मुद्दाम एकसारख्या दिसतील अशा ठेवतात. कंपनीची घेतली तर ती सिरीयल नंबरला जोडली जाते, साइटवर तारीख वाढलेली दिसते, विषय संपला. दुकानाची घेतली तर तुमच्या हातात एक प्लॅन नंबर आणि एक टोल फ्री नंबर येतो, दुरुस्ती कोण करणार, ओरिजिनल पार्ट लागणार का, मशीन दुरुस्त होत नसेल तर पैसे किती मिळणार हे सगळं त्यांच्या अटींवर, आणि त्या पैशांत बऱ्याचदा वर्षागणिक घसारा कापतात. माझं मत विचाराल तर कंपनीची घ्या नाहीतर काहीच घेऊ नका.

कंपनीची कधी घ्यावी? पातळ लॅपटॉप, ज्यात रॅम आणि बाकी सगळं बोर्डावरच चिकटवलेलं असतं, तिथे बोर्ड गेला की सगळंच गेलं, आणि बोर्डाचं कंपनीचं कोटेशन लॅपटॉपच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत गेलेलं मी स्वतः छापून दिलंय. तिथे घ्या. जाड, स्वस्त, उघडता येणाऱ्या लॅपटॉपला तेवढे पैसे बाजूला ठेवलेले बरे, वॉरंटी संपल्यावर मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडसारख्या ठिकाणी चिप लेव्हलचं काम करणारे कारागीर आहेत, ते पूर्ण बोर्ड न बदलता त्यावरचा एखादा गेलेला भाग बदलतात आणि कितीतरी कमी पैशांत काम होतं. वॉरंटी चालू असताना मात्र तिकडे जाऊ नका.

अटींमध्ये काय बघायचं: बॅटरी, कारण तीन वर्षांचा प्लॅन असला तरी बॅटरीला बहुतेक वेळा एकच वर्ष असतं, आणि सगळ्यात आधी तीच मान टाकते. दुसरं, पडणं-सांडणं. साध्या एक्स्टेंडेड वॉरंटीत ते नसतं, त्याला अ‍ॅक्सिडेंटल डॅमेजचा प्लॅन वेगळा, आणि त्यात वर्षाला किती वेळा क्लेम करता येईल याची मर्यादा. घरात लहान मूल किंवा हॉस्टेलला जाणारा मुलगा असेल तर दोन्हीपैकी हाच जास्त कामाचा. तिसरं, ऑनसाइट म्हणजे घरी येणार हे तुमच्या पिनकोडला लागू आहे का. पुण्यात लागू असतं म्हणून गडचिरोलीत, सावंतवाडीत असेलच असं नाही, आणि मग ऑनसाइटचे पैसे भरून तुम्हीच एसटीत मशीन मांडीवर घेऊन बसणार. पैसे भरण्याआधी पिनकोड टाकून मेलवर विचारा. आणि हा प्लॅन काउंटरवरच घ्यावा लागत नाही, बहुतेक कंपन्या नंतरही ठरावीक मुदतीत देतात, तेव्हा "आजच्या आज ऑफर आहे" याला भुलू नका.

असेंबल्ड पीसीवाल्यांचं वेगळं, तिथे प्रत्येक पार्टची वॉरंटी वेगळी आणि क्लेम त्या त्या डिस्ट्रिब्युटरकडे. सगळे खोके, निदान सिरीयल नंबरच्या पट्ट्या, जपून ठेवा आणि बिलात प्रत्येक पार्ट वेगळा लिहून घ्या, "वन सेट कॉम्प्युटर" असं बिल म्हणजे पुढे डोकेदुखी.

काहीच हलत नसेल तर

आधी नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइन, १९१५, मराठीतही बोलता येतं, व्हॉट्सअ‍ॅपवर ८८००००१९१५. ते कोर्ट नाही, ते तक्रार कंपनीकडे पाठवतात आणि मागे लागतात, पण मोठ्या कंपन्यांकडे त्यासाठी वेगळी माणसं असतात आणि महिनाभर न हललेली केस तिथून हललेली मी आतून बघितलीय. ऑनलाइन घेतलं असेल तर त्या वेबसाइटच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला, म्हणजे तक्रार अधिकाऱ्याला, पण लिहा, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात निकाली काढायची असते. दुकानात "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" अशी पाटी लावली म्हणून हात टेकू नका, खराब माल परत घ्यायला नकार देणं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथांमध्ये धरलंय.

त्यानेही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस बंगळुरूला असलं तरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असं नाही, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल होते, दाखल करायची मुदत दोन वर्षांची. एकच खाच, बिल फर्मच्या नावाने आणि जीएसटी क्रेडिट घेतलेलं असेल तर समोरचा वकील पहिल्यांदा हेच म्हणणार की हे ग्राहकच नाहीत, धंद्यासाठी घेतलंय. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला कायद्यात सूट आहे पण ते तुम्हाला दाखवून द्यावं लागतं.

निकालाला कायद्यात लिहिलेल्या तीन-पाच महिन्यांपेक्षा बराच जास्त वेळ जातो हे धरूनच चाला. पण नोटीस गेल्यावर बऱ्याचदा कंपनीकडून फोन येतो, "सर मॅटर मिटवून टाकू". मिटवा, काही हरकत नाही, फक्त ऑफर मेलवर मागा: रिफंडची रक्कम किती, किती दिवसांत, जुनं मशीन परत द्यायचं का, त्यातली डिस्क कुणाकडे राहणार, आणि रिप्लेसमेंट असेल तर मॉडेल कुठलं नि वॉरंटी कधीपासून. आणि पैसे खात्यात किंवा मशीन हातात आल्याशिवाय तक्रार मागे घेतल्याच्या कुठल्याही कागदावर सही करू नका.